अर्ध्या भरलेल्या दोन बाटल्या

दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी रुजू झालो, त्या सकाळी रझियासिस्टर हातोडी घेऊन बायकांच्या संडासाच्या दाराला कडी ठोकत होत्या. "कडी नसंल तर बाया आत जायच्या न्हाईत, भाऊ. मग तुमच्या बाटल्या रिकाम्याच," त्या म्हणाल्या. आमची ओळख झाली ती अशी.

आता सिस्टर साठीच्या झाल्या. निवृत्त होऊनही दर मंगळवारी त्या गरोदर बायकांच्या तपासणीला येतात. जळजळ नाही, ताप नाही, तरी लघवीत जंतू असू शकतात. ते मूत्रपिंडापर्यंत चढतात, कधी दिवस भरण्याआधीच बाळंतपण करवतात. म्हणून तक्रार नसली तरी प्रत्येकीची लघवी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीला, गेलीच पाहिजे, हा सिस्टरांचा हट्ट. "मला काय झालंय?" असं प्रत्येक बाई विचारते आणि सिस्टर प्रत्येकीला पहिल्यांदाच सांगितल्यासारखं समजावतात. नुसतं ऐकून मला दमायला होतं. बाटल्यांवर नावं चिकटवण्यात जन्म गेला, मी कंटाळलेला माणूस आहे.

एकदा येरमाळ्याहून दोघी जावा आल्या, दोघीही गरोदर. थोरलीचं पहिलं मूल सातव्या महिन्यात जन्मून गेलेलं. दोघींच्या बाटल्या आल्या, बरोबर अर्ध्या-अर्ध्या. मला शंका आली, पण दुपार झाली होती, कोण विचारत बसणार? मी चिठ्ठ्या चिकटवल्या.

दोन्ही रिपोर्ट स्वच्छ आले. सिस्टरांनी ते शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. "थोरली तर बाकावरून उठलीच न्हाय, भाऊ. मग ही बाटली कुणाची?"

एकीचीच लघवी दोन बाटल्यांत वाटल्याची शंका मला तेव्हाच आली होती, हे मी कबूल केलं. सिस्टर दुखरे गुडघे घेऊन एसटीनं येरमाळ्याला गेल्या, सोबत मलाही नेलं.

थोरली ओशाळली. "एस्टीत बसायचं म्हनून सकाळपस्नं पानीच पिले न्हवते, सिस्टर. लागंना. मग हिनं अर्धी दिली. घरात समदं अर्धं-अर्धंच करतो आमी."

सिस्टरांनी तिला पाणी पाजलं आणि तिच्याशी गप्पा मारत तासभर थांबल्या. मग तिनं स्वतः भरून दिलेल्या बाटलीत जंतू निघाले. गोळ्या झाल्या, पुन्हा तपासणी झाली, आणि नऊ महिने भरून मुलगी झाली. आता ती शाळेत जाते.

माझी चूक सिस्टरांनी आजवर कुणालाही सांगितली नाही. म्हणून मीच ती इथं लिहितो आहे. त्या मुलीचं नाव ऐकलं की अजून मला लाज वाटते.

या मंगळवारी गुडघ्यांमुळे सिस्टर आल्या नाहीत. बाकावर एक बाई रिकामी बाटली पदराखाली धरून बसली होती. शेजारीण आपली भरलेली बाटली घेऊन तिच्याकडे सरकली, तेव्हा मी उठलो. तांब्याभर पाणी दिलं, म्हटलं, "सावकाश होऊ द्या, बाई. पुढची एसटी मिळेल."

सिस्टर, तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, गुडघ्यांना आराम पडो. आता तुम्ही बाकावर निवांत बसा. आम्ही उठतो.