भागाबाई काय प्यायली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. या दिवाळीत मुलांना सांगायला बसलो, तर थोरल्यानं अर्ध्यातच अडवलं — "आता कायले उकरून राह्यले, बाबा? लोकं मान देतात तुमाले." मान देतात म्हणूनच लिहितो आहे. तुम्हालाही ऐकायचं नसेल तर इथंच पान मिटा. मी थांबणार नाही.

मी दवाखान्यात कंपाउंडर होतो. अनसिंगपासून बैलगाडीनं दोन तासांवरचं गाव. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. पहिली मोठी लढाई चालू होती, त्या सुमारास आमच्याकडे गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. घराघरांत उंदीर मरून पडायला लागले आणि गाव उठून रानात गेलं. तुराट्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. आजाऱ्यांसाठी ओढ्यापलीकडे वेगळा मांडव घातला. डॉक्टरसाहेब वाशीमहून आठवड्यातून एकदा येत. बाकी दिवस मांडव माझ्या ताब्यात — म्हणजे कागदावर. खरा तो भागाबाईच्या ताब्यात होता.

भागाबाई महारवाड्यातली. आधी दवाखान्याची झाडलोट करायची. साथ आली तसं सगळंच तिच्याकडे आलं — आजाऱ्याला उचलणं, ओकारी काढणं, गाठ फुटली की चिंध्या धुणं. ज्यांच्या विहिरीवर तिला चढू देत नव्हते, त्यांची डोकी तिनं मांडीवर घेतली. आणि मी? मी नाकाला कापराचा रुमाल लावून दारातूनच औषध सांगायचो.

मग टोचायची लस आली. डॉक्टरसाहेबांनी बजावलं होतं — मांडवात काम करणाऱ्यांना आधी टोचा, गावाला नंतर. काम करणारे आम्ही चौघं. मी, पाणक्या, चौकीदार आणि भागाबाई. चिंचेखाली रांग लागली. आमच्या तिघांचे दंड टोचून झाले. भागाबाई पुढं आली, तिनं पदर सारून दंड पुढं केला — आणि माझा हात थांबला.

का थांबला, हे तुम्हाला कळलंच असेल. सुई टोचायची तर दंड धरावा लागतो. आमचा भाजीचा मळा. बाप बाजारात वांगी विकायचा. घरातला पहिला नोकरदार मी. रांगेत भावकी उभी होती. उद्या पंगतीतून उठवलं तर? मागून एकजण बोललाही, "तिले लागलेली सुई आमी घेत नाई बा." सुई दर वेळी उकळूनच घेत होतो. तसं मी त्याला सांगितलं का? नाही सांगितलं. भागाबाईला म्हणालो, "तू मागून ये."

ती दुपारी झोपडीमागं आली. तिथं कुणी नव्हतं — हे नीट ध्यानात ठेवा. बघणारं कुणी नव्हतं, तरी मी तो दंड धरला नाही. ओव्याच्या अर्कात साखर घातली आणि म्हणालो, "तुह्यासाठी प्यायची दवा हाय. सुईहून जालीम. थोडीच आली, कोणाले सांगू नको." तिनं ओंजळ धरली. मी वीतभर वरून ओतलं, पाणी ओततात तसं.

"गोड हाय बाप्पा," ती म्हणाली. "बरं झालं, कंपोंडर दादा. मले त सुईचा लय भेव होता."

टोचल्याचा दाखला मी तिला लिहून दिला. तिच्या वाट्याची लस धाकट्या भावाला टोचली. तो आज मळ्यात आहे, नातवंडांत रमलेला. तो हे वाचेल. वाचू दे.

तोवर भागाबाई जपून वागत होती. तोंडाला फडकं बांधायची, राखेनं हात घासायची. आता फडकं सुटलं. गाठ फुटलेल्या माणसाला ती उघड्या तोंडानं छातीशी धरून बसवू लागली. चौकीदारानं टोकलं की हसायची — "मी पेली हाव. मले काय होते?" दिवसभर तेच. तिला ती गंमतच होऊन बसली होती. आणि मी ऐकत होतो. फडकं बांध, ती दवा नव्हती — एवढं बोलायला किती वेळ लागतो?

नवव्या दिवशी तिला ताप चढला. काखेत गाठ आली. मांडवात उचलणारी तीच होती, तिला कोण उचलणार? तिचा नवरा कोंडू आला आणि एकटाच तिच्यापाशी बसून राहिला. चौथ्या दिवशी ती गेली.

डॉक्टरसाहेबांनी दाखला पाहिला. टोचलेल्या बाईला एवढी जबर गाठ कशी, म्हणून विचारलं. चौकीदार म्हणाला, "दारू पेत होती साहेब. सोताच सांगे — मी पेली हाव."

कोंडू पुढं झाला. "थेंब घेतला नाई तिनं जिंदगीत. दवा पेली म्हने ते. या दादाले पुसा."

"कसली दवा?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

आता सांगतो. मी म्हणालो, "दारूलाच दवा म्हणतात ही माणसं, साहेब."

दारूनं लस वाया गेली, असं साहेबांनी लिहून घेतलं. कोंडू माझ्याकडे बघत राहिला. मी बाटल्यांची बुचं लावत होतो.

पुढं टोचलेली बाई मेली म्हणून बोभाटा झाला. आजूबाजूच्या लोकांनी सुई घ्यायला नकार दिला. त्यातले किती गेले, मी मोजले नाहीत; मोजायची हिंमत नव्हती. कोंडूला पोरं 'दारुड्या भागीचा नवरा' म्हणून हाक मारायची. दोन मुली घेऊन तो कामरगावकडे निघून गेला. साथ ओसरल्यावर गावानं मला शाल दिली. ती मी घेतली. आता दवाखान्याच्या नव्या खोलीला माझं नाव द्यायचं चाललंय.

थोरला म्हणतो, तो काळच तसा होता. ओव्याचा अर्क काळानं ढवळला होता का? त्याच काळात, दाखला पाहिला त्याच दिवशी डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांदेखत कोंडूचं मनगट हातात धरून नाडी पाहिली. कुणी चकार शब्द काढला नाही. तेव्हा काळाचं नाव माझ्यासमोर घेऊ नका. आणि 'जाऊ द्या' असं म्हणायला तर येऊच नका. मी क्षमा मागितलेली नाही, आणि ती देणं तुमच्या हातातही नाही.

खोलीला नाव द्यायच्या दिवशी मी हा कागद चावडीवर उभा राहून वाचणार आहे. मुलं घरी बसोत. ज्यांना उठून जायचं त्यांनी जावं, मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचीन.

कोंडू आता नाही, असं ऐकलं. मुली तिकडेच कुठंतरी नांदत असतील. मी त्यांच्या दारात जाणार नाही. गेलो तर म्हाताऱ्या माणसाला 'बसा' म्हणावं लागेल त्यांना, आणि तेवढंही मला त्यांच्याकडून नको. कुणी त्यांच्यापर्यंत हा कागद नेलाच, तर एवढंच वाचून दाखवा — तुमची आई दारू कधी प्यायली नाही. ती प्यायली ते मी ओतलेलं होतं.