पत्र्याखालचं बूच

आमच्या कापड कंपनीच्या नव्या दालनाच्या छताला थर्माकोलऐवजी बुचाच्या लाद्या लावल्या, तेव्हा साहेबांनी पृथ्वी वाचवल्याचं भाषण केलं. एसी इतका गार होता की पाहुणे सत्काराच्या शाली अंगावरून काढेनात. भाषण मीच लिहिलं होतं: ही झाडाची साल, तिच्यासाठी झाड तोडावं लागत नाही, साल पुन्हा वाढते, हवेतला कार्बन तिच्यात साठतो, उष्णता अडते. बूच परदेशातून जहाजाने आलं, हे साहेबांनी वगळायला लावलं. उरलेल्यावरही माझा फारसा विश्वास नव्हता.

उरलेल्या लाद्या भंगाराच्या टेम्पोत चढताना पाहिल्या आणि बहीण आठवली. भेस्तानच्या कामगार वस्तीत, पत्र्याच्या खोलीत ती साड्यांवर खडे चिकटवते. एप्रिल लागला की दुपारी तिथे बसवत नाही. पाऊस येईपर्यंत तिला धुळ्याकडे गावी धाडायचं दाजींनी ठरवलं होतं. तिला जायचं नव्हतं. ती गेली की काम दुसरीकडे जाणार, आणि गेलेलं काम परत मिळत नाही.

साहेबांना विचारून मी रिक्षात मावल्या तेवढ्या लाद्या नेल्या, बाकीच्या गोदामात ठेवायला लावल्या.

"बुचं?" दाजी म्हणाले. "शालकबुवा, सोबत बाटल्याही आणायच्या होत्या."

बहिणीने खड्यांच्याच गोंदाने लाद्या पत्र्याला आतून चिकटवल्या. तिने लावलेला खडा धुण्यातही निघत नाही, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. दुसऱ्या दुपारी पत्रा तापला, गोंद सैल झाला आणि पहिली लादी दाजींच्या ताटात उतरली.

"पृथ्वी वाचली," ते म्हणाले. "वरण गेलं."

संध्याकाळी त्यांनी पांडेसऱ्याला ते कामाला होते त्या मिलमधून कापडाच्या ताग्यांचे रिकामे पुठ्ठ्याचे पाइप आणले, पत्र्याखालच्या लोखंडाला तारेने आडवे बांधले आणि लाद्या त्यांवर नुसत्या सरकवल्या.

मे महिन्यात मी मुद्दाम दुपारी दोनला गेलो, फसलेला प्रयोग बघायच्या तयारीने. खोली गार नव्हती, पण बसवत होतं. बहीण मांडीवर साडी घेऊन खडे लावत होती. मान वर न करता म्हणाली, "तुना साहेबले सांग, उरेल लाद्या धाडी दे. शेजारीणनी खोलीबी तापस."

दाजी घरात नव्हते. ते शेजारणीच्या दारात टेप धरून पत्र्याची मापं घेत होते. गावी धाडायचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही.