खजिन्याची नववी आवृत्ती

चांगली चाललेली वस्तू तशीच चालू देणं हा माझ्या सासऱ्यांच्या लेखी निव्वळ आळशीपणा होता. पुलगावच्या कापड गिरणीत ते कारकून होते. घरातल्या घड्याळात त्यांनी इतक्या सुधारणा केल्या होत्या, की वेळ पाहायला सासूबाई शेजारी जात.

पण सुधारणेचा खरा बळी होता ‘खजिन्याची वाट’. हा खेळ त्यांनीच तरुणपणी पुठ्ठ्यावर आखलेला. चाळीस घरं, एक जंगल, एक नदी, एक वाघ. फासे टाकायचे, वाघानं धरलं की पहिल्या घरात परत यायचं. गल्लीतली पोरं त्यावर तुटून पडत. तरी दर दिवाळीला नवी आवृत्ती निघू लागली. दुसरीत दरोडेखोर आले, चौथीत खेळाडूंना तहान लागू लागली, सहावीत होडीत बसण्याआधी नावाड्याची समजूत काढावी लागे. नवव्या आवृत्तीत दोनशे घरं होती, नियमांची जाडजूड वही होती आणि वाघानं खाल्लेला माणूस कायमचा मरत होता. “वाघ खाऊन मंग परत आणून सोडते काय?” हे त्यांचं म्हणणं बिनतोड होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी पुलगावला गेलो, तेव्हा घर चिंतेत होतं. नागपूरचा एक खेळणीवाला हा खेळ छापायला तयार झाला होता. पण एकच आवृत्ती, आणि तो दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता.

“जवाईबापू, तुमी शिकलेले. जुना देऊ का नवा?”

“मामाजी, दोन्ही चांगले आहेत,” मी नव्या जावयाच्या सावधपणानं म्हणालो.

“असं कुठी असते काय? खेळून पाहू!”

दुपारी परीक्षा झाली. अंगणात पोरांपुढं जुना पट मांडला, ओसरीवर आम्हा मोठ्यांपुढं नवा. सासूबाईंना पहिल्याच फेरीत वाघानं खाल्लं.

“मेली न मी? मंग बसून काय करू? पोळ्या लाटून घेऊ का?”

“मेलेल्या माणसानं बोलायचं नाई,” वही चाळत सासरे म्हणाले.

तासाभरानं मी नावाड्यापाशी अडकलो होतो. शेजारचे मास्तर भिंतीला टेकून घोरत होते. सासऱ्यांची नजर वहीवर होती. पण अंगणात वाघानं कुणाला धरलं आणि पोरं किंचाळली, की त्यांची मान आपोआप तिकडं वळे. चौथ्या की पाचव्या वेळी त्यांनी वही मिटली.

“जुनाच देऊ,” ते म्हणाले. मग ओशाळं हसून पुटपुटले, “पोट्ट्यायले काही समजतच नाई.”

दुसऱ्या दिवशी खेळणीवाला जुना पट घेऊन गेला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. सासूबाईंनी तर शिरा केला.

जेवणं झाल्यावर सारे लवंडले. मी पाणी प्यायला उठलो, तर ओसरीवर सासरे एकटेच बसलेले. पुढ्यात नववी आवृत्ती. चारही सोंगट्या ते स्वतःच हलवत होते, प्रत्येकीच्या वेळी वही उघडून नियम तपासत होते, आणि निळीला वाघानं खाल्लं तेव्हा त्यांनी खरोखरच हळहळून ती बाजूला ठेवली.

मी समोर जाऊन बसलो.

“लाल माझी,” म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं नाही. फक्त चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, बराच वेळ पुसला, आणि फासे माझ्याकडं सरकवले.