जुन्याला विसरणारा बोर्ड

हुडको कॉलनीतल्या शालू वासनिककडे कुणी बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन आलं, की ती आधी स्क्रू काढत नाही. विचारते, "याचा खोका कुठाय? त्यातलं पुस्तक कुठाय?" लोकांना वाटतं, बाई टाइमपास करून राहिली. पण तिला ही सवय लहानपणची. वडील जानराव स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन. मोटारींची, स्टार्टरची फेकून दिलेली माहितीपुस्तकं ते घरी आणत आणि पोरगी गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचत बसे. "बाबा, इथं 'उलटं ठेवू नये' लिहिलं, ते कावून?" उत्तर येत नसलं तर जानराव दुसऱ्या दिवशी फोरमनला विचारून येत.

पुढे पॉलिटेक्निक झालं, रेल्वेतल्या प्रेमानंदशी लग्न झालं, कॉम्प्युटर क्लासात शिकवणं झालं. क्लास बंद पडला तेव्हा तिनं घराची पुढची खोली दुरुस्तीला मोकळी केली. आज पंचेचाळिशीतही दिवसातून पन्नास वेळा तिच्या तोंडून 'कावून', म्हणजे 'का बरं', निघतो.

त्या रविवारी सकाळी कॅम्प-1 वस्तीतली पायल कॉम्प्युटरचं कॅबिनेट पोटाशी धरून आली. क्रेन ऑपरेटरची पोरगी, घरांची आतली सजावट कॉम्प्युटरवर काढायला शिकलेली. रायपूरच्या एका ऑफिसनं तिला परीक्षा म्हणून काम दिलं होतं. एका बंगल्याची साठ चित्रं, सोमवारी सकाळी दहापर्यंत. पसंत पडली तर नोकरी.

"मावशी, मेला हा. पंखे फिरून राहिले, पण स्क्रीन काळीच."

"नवीन काय बसवलं?"

"प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड. कल ही आया."

"आणि जुना प्रोसेसर?"

पायल फरशीकडे पाहू लागली. "विक्कीभैयाला देऊन टाकला. त्याच्या बॅनरच्या दुकानासाठी."

"आधी नवा चालू होऊ द्यायचा ना वं!"

"दुकानवाला बोलला, सॉकेट तेच हाय, बसते."

"बसते. बसला न? पण बसणं वेगळं आणि ओळखणं वेगळं." शालूनं कॅबिनेट उघडून आतल्या मुख्य बोर्डावरच्या नखाएवढ्या चिपवर बोट ठेवलं. "यात बायोस नावाचा प्रोग्रॅम असते. बटण दाबलं की सगळ्यात आधी हा जागा होते आणि पाहते, कोण कोण आलं. हा बोर्ड बनला तेव्हा तुझा प्रोसेसर बाजारात आलाच नव्हता. त्याले ओळखीन कसा?"

"तर नवा बायोस टाका ना."

"टाकाले बोर्ड सुरू व्हायले पाहिजे. सुरू व्हायले ओळखीचा प्रोसेसर पाहिजे. आणि तो बसला विक्कीकडे."

काही बोर्डांचा बायोस प्रोसेसरशिवायही बदलता येतो, त्यासाठी मागं एक बटण असतं. शालूनं उलटसुलट करून पाहिलं. यावर नव्हतं. तिनं विक्कीला फोन लावला.

"दीदी, चालू दुकान का दिल निकाल के दूँ? तीन लग्नाचे बॅनर आहेत आज!"

"एका घंट्यासाठी."

"डॉक्टर भी ऐसाच बोलता है."

तरी अर्ध्या तासात तो आला, हातात मिठाईचा डबा. आत कापसाच्या गादीवर प्रोसेसर.

"कापूस? पिना अडकतात ना रे त्याच्यात!"

"ठंड लग जाती बिचारे को."

शालूनं चिमट्यानं एकेक धागा काढला, भिंगातून पिना तपासल्या, नवा प्रोसेसर आणि कार्ड काढून हा बसवला आणि स्क्रीनची केबल बोर्डाला लावली. स्क्रीन उजळली. पायलनं इतका मोठा श्वास सोडला की विक्की हसला. "देखा? हीरा है मेरावाला. पायल, तू यावरच कर काम. मी दोन दिवस बॅनर दोस्ताकडून करून घेतो."

पायलनं बोटांवर हिशेब केला. जुन्यावर एका चित्राला चाळीस मिनिटं लागत. उद्या दहापर्यंत साठांतली तीसच होणार. पण तीस तर तीस.

शालूचं मात्र लक्ष नव्हतं. ती बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या वेबपानावर नव्या बायोसखालची बारीक अक्षरं वाचत होती. वाचता वाचता तिचा हात गालावर गेला.

"पायल, इकडं ये. हे पाह्य. नवा बायोस टाकला की हा बोर्ड जुन्या पिढीचे प्रोसेसर विसरून जाईन. विक्कीचा पण."

"कावून?" यावेळी हा शब्द पायलच्या तोंडून आला.

"चिप छोटी हाय. नव्यांची माहिती भरायची तर जुन्यांची काढा लागते. आणि मागं जाता येत नाही म्हणते."

"तो क्या? नया चलेगा ना," पायल म्हणाली.

"तेच तर मले माहीत नाही." शालू हळूच बोलली. "तुझा नवा ओळख नाही म्हणून गप्प हाय, का मुळातच खराब निघाला? दोन्हीत स्क्रीन काळीच दिसते. खराब असला आणि आपण बायोस बदलून बसलो, तर विक्कीचाही चालणार नाही. तीस चित्रंही गेली."

विक्की वाकून ती बारीक अक्षरं वाचू लागला.

"तुम्ही काय केलं असतं, मावशी?"

"मी? मले पाहायचंच असते की काय होते. म्हणून माझं ऐकू नको. नोकरी तुझी हाय."

पायलनं नव्या प्रोसेसरचा खोका उचलला, सील नीट पाहिलं, खाली ठेवला. "अर्धं काम पाठवलं तर ते अर्धंच समजतीन मले. टाका."

बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा निकामी. यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली. शालूचं हे बोलणं ऐकून आतल्या खोलीतून, आता तिच्याकडेच राहणारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जानराव उठले, ट्रंकेतून लाल टॅग काढला आणि मीटरच्या खोक्यावर लटकवला. प्लांटमध्ये मशीन बंद करून हात घालायचा तर स्विचवर असा टॅग लावायचा. ज्यानं लावला त्यानंच काढायचा.

"चालू करू नये म्हणून लावत होतो जिंदगीभर," ते स्टूल ओढत म्हणाले. "बंद करू नये म्हणून पहिल्यांदाच लावून राहिलो."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या सिंधुताई पाण्याचा पंप सुरू करायला आल्या. त्या पंपानं आठवड्यातून दोनदा तरी घराची वीज जाई.

"दहा मिनिटं थांबा बाई," जानराव म्हणाले. "मेंदू बदलून राहिले आत."

"कोणाचा?"

"पायलच्या कॉम्प्युटरचा."

"हात्! मले वाटलं, तुमच्या जावयाचा."

आत पट्टी सरकत होती. साठ टक्के. ऐंशी. शंभर. मशीन आपोआप बंद होऊन चालू झालं आणि स्क्रीन काळी पडली.

"गया!" विक्कीनं डोक्याला हात लावला.

"गेला नाही, तुले विसरला. लिहिलं होतं न."

शालूनं विक्कीचा प्रोसेसर काढला, पुसून त्याच्या हातात दिला. नवा बसवला, वर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली, पंखा स्क्रूंनी घट्ट केला. ग्राफिक्स कार्ड खोवलं. बटण दाबलं.

पंखे फिरले. स्क्रीन काळी.

"पहिल्या खेपेला वेळ लागते," शालू म्हणाली. एक मिनिट. तीन मिनिटं. पायल खुर्चीची कड धरून बसली होती. पाच. शालूनं पुस्तक उचललं, पान उलटलं, परत उलटलं. अक्षरं डोळ्यांत शिरत नव्हती.

"दीदी," विक्की कॅबिनेटच्या मागं वाकला होता, "ये वायर किधर लगाई?"

शालूनं वाकून पाहिलं. जुना प्रोसेसर स्क्रीनवरचं चित्र स्वतःच तयार करी, म्हणून स्क्रीनची केबल बोर्डाला लागत असे. नव्याला ते जमत नाही, चित्र ग्राफिक्स कार्डातून येतं. आणि हातानं सवयीनं केबल बोर्डालाच खोवली होती.

"पंचवीस साल का अनुभव," विक्की म्हणाला.

"चूप बस रे." तिनं केबल बदलली.

स्क्रीनवर नव्या प्रोसेसरचं पूर्ण नाव उमटलं. पायलनं ते मोठ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग तिला रडायलाच आलं. विक्की तिच्या पाठीवर थाप मारून डबा सांभाळत दुकानाकडे पळाला.

तिथंच, शालूच्या टेबलावर, पायलनं पहिलं चित्र तयार करायला लावलं. चार मिनिटांत बैठकीची खोली तयार झाली. सोफा, पडदे, फरशीवर उन्हाचा पट्टा. ती दुसरं लावणार, तोच शालू स्क्रीनजवळ गेली.

"हे ऊन कुठून येऊन राह्यलं वं?"

"खिडकीतून."

"कोणत्या? त्या बाजूला तर भिंत हाय."

पायल पाहत राहिली. खरंच भिंत होती. बैठकीच्या सगळ्याच चित्रांत ऊन त्या भिंतीतून येणार होतं. एका चित्राला चाळीस मिनिटं घेणाऱ्या कालच्या मशीनवर हे दिसलं असतं, तर तिनं डोळे मिटून तसंच पाठवलं असतं. तिनं घड्याळाकडं पाहिलं, दुपारचा दीड वाजला होता. मग खुर्ची पुढं ओढली आणि त्या भिंतीत खिडकी कापायला घेतली.