नवरदेवाने नाकारलेल्या कंपन्या

वार्षिकांकासाठी लेख द्या असं सरांनी वर्गात सांगितलं, तेव्हा मी मान खाली घातली. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. आपण लेख लिहावा आणि तो छापायला द्यावा, एवढा आपला अधिकार आहे का, याची मला अजून खात्री नाही. शिवाय ज्याच्याविषयी लिहितोय तो कोणी मोठा माणूस नाही. तो माझा मामा, ट्रक ड्रायव्हर. काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण मामाविषयी कोणी हसून बोललं की मला गप्प बसवत नाही, म्हणून लिहितो.

मामा नोकरी मागायला गेला की आधी ट्रकखाली शिरायचा. मालकाला नमस्कार नंतर. आईने इस्त्री केलेला टेरिलीनचा पांढरा शर्ट घालून तो सकाळी द्वारकेवर, म्हणजे नाशिकच्या द्वारका चौकात, जायचा. तिथे आग्रा रोडच्या कडेला ट्रान्सपोर्टवाल्यांची ऑफिसं आणि उभ्या गाड्या. परत यायचा तेव्हा शर्टाच्या पाठीवर काळं ग्रीस असायचं. आई शर्ट घासता घासता विचारायची, "भाऊ, लागली का रे कंपनी?" तो म्हणायचा, "कंपनी लागत होती. मीच नाय लागलो."

तो मूळचा नामपूरचा. क्लीनर म्हणून बरीच वर्षं काढल्यावर त्याला मोठ्या गाडीचं लायसन मिळालं होतं, आणि पहिली कंपनी शोधायला तो आमच्याकडे नाशिकला येऊन राहिला होता. नव्या ड्रायव्हरने जी गाडी मिळेल तिच्यावर बसावं अशी रीत. मामाचं म्हणणं वेगळं होतं. "मालक मला वरून खालपर्यंत बघतो. मग मी मालकाला का नाय बघायचं?" एका घराण्यातली मुलगी बघावी, नापसंत करावी आणि पुढच्या गावाला जावं, तसं त्याचं चाललेलं पाहून द्वारकेवरच्या चहाच्या टपरीवर त्याचं नाव 'नवरदेव' पडलं.

पहिला नकार मी स्वतः पाहिला. त्या ऑफिसात गालिचा होता, भिंतीवर गाड्यांचे रंगीत फोटो होते. बाहेरची गाडीही नवरीसारखी रंगवलेली. मामा खाली शिरला, टायरवरून हात फिरवला, स्टेअरिंग हलवून पाहिलं. टायर घासून गुळगुळीत झालेले, स्टेअरिंग अर्धा वेढा नुसतंच फिरायचं. रागावला की त्याच्या बोलण्यात 'आहे'च्या जागी नामपूरकडचा 'शे' यायचा. मालकासमोर उभा राहून त्याने विचारलं, "हाई गाडी शे का तिरडी शे?" मालक हसला. म्हणाला, "ड्रायव्हर व्हायला आलास का आरटीओ?" मामा म्हणाला, "तुमच्या गाडीला आधी आरटीओच लागेल," आणि पायऱ्या उतरला. मला लाज वाटत होती आणि छातीही फुगली होती. दोन्ही एकदम कसं होतं ते मला सांगता येणार नाही.

माझे वडील बाजार समितीत हमाली करतात. त्यांना हे नखरे वाटायचे. संध्याकाळी हातपाय धुताना ते विचारायचे, "काय पाव्हणं, आज कोणती पोरगी नापसंत केली?" मामा हसायचा. पण त्या हसण्यात हळूहळू ओशाळेपणा यायला लागला, कारण निफाडला खरोखरच एक मुलगी ठरत आली होती. तिच्या वडिलांची एकच अट होती, आधी कंपनी लागू द्या, मग साखरपुडा. मुलगी मामाला पसंत होती. तसं तो बोलला नाही, पण निफाडकडची गाडी दिसली की तो द्राक्षांचा भाव विचारायच्या निमित्ताने थांबायचा.

मग एक चांगली कंपनी मिळाली. टायर चांगले, ब्रेक चांगले, मालक शांत. मामा गाडीखालून बाहेर आला तो खुशीत. फक्त एक फेरी मारून दाखवायची होती. कांदा घेऊन मुंबईला, कसारा घाटातून, शेजारी कंपनीचा जुना ड्रायव्हर बसणार. त्याला सगळे चाचा म्हणत. ही हकीकत मी मामाकडून ऐकली आणि चाचाकडूनही. दोघांची सारखीच आहे, चाचाच्या हकीकतीत शिव्या जास्त आहेत एवढंच.

घाटाच्या तोंडाशी चाचा म्हणाला, गिअर काढ. तिथे सगळेच काढतात. उतारावर गिअर काढून गाडी सोडून दिली की डिझेल वाचतं, मालक खुश होतो, आणि जो जास्त वाचवतो तो पक्का ड्रायव्हर समजला जातो. पण मग इंजिन गाडीला धरून ठेवत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि फार तापले की लागत नाहीत. मामा ज्या उस्तादाच्या हाताखाली शिकला, त्याची गाडी अशीच सुटली होती. मामा तेव्हा त्याच्या शेजारी बसलेला होता. गाडी डोंगराला घासत थांबली. उस्ताद वाचला, त्याचा पाय वाचला नाही.

मामाने गिअर काढला नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन कण्हत, तो घाट उतरत राहिला. मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न वाजायला लागले. एक ओळखीचा ड्रायव्हर बाजूने जाताना डोकं बाहेर काढून ओरडला, "नवरदेवाची वरात हाय, नाचा रे!" चाचाने पुन्हा सांगितलं, मग शिव्या दिल्या, मग विनवलं. मामा म्हणाला, "चाचा, स्टेअरिंग माझ्याकडं हाय तोवर गिअर पण माझ्याकडं. तुम्हाला चालत जायचं असंल तर गाडी उभी करतो." चाचा उतरला नाही. पण माल पोचला तोवर बाजार उठला होता.

मालकाने मामाला समोर बसवून चहा पाजला. म्हणाला, "तुझा हात चांगला आहे. पण गाडी चालवणं वेगळं आणि धंदा वेगळा. घाटात गिअर काढायचा, एवढं कबूल कर आणि उद्यापासून ये." मामाने कप खाली ठेवला. "धंदा तुमचा हाय शेठ. मान माझी हाय."

त्या दिवशी घरात मोठं भांडण झालं. वडिलांनी त्याला समजावून पाहिलं की तोंडाने हो म्हण, घाटात काय करायचं ते कर, तिथे कोण बघायला येतंय? आईनेही तेच सांगितलं. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. मामाने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "एकदा हो म्हणलो की पुढच्या पोराला मालक माझंच नाव सांगंल. बघ, त्यो काढतो, तुला काय झालं?"

द्वारकेवर बातमी पसरायला वेळ लागत नाही. त्यानंतर मामा दिसला की मालक आतूनच हात हलवून नको म्हणायचे. निफाडहून निरोप आला, की जो कंपनीला नाकारतो तो उद्या आमच्या पोरीलाही नाकारेल. थोड्याच दिवसांत तिचं लग्न दुसरीकडे झालं. मामा त्या दिवशी कुठे गेला नाही. आमच्या वसाहतीच्या नळावर बसून त्याने तोच पांढरा शर्ट स्वतः धुतला. आईला हात लावू दिला नाही.

नंतर तो गेला. धुळ्याच्या बाजूला जाणाऱ्या एका गाडीत प्रवासी म्हणून बसला. मी पोचवायला गेलो होतो. मला नुकताच कॉलेजात प्रवेश मिळाला होता, त्या आनंदात मी होतो. त्याने विचारलं, "भाचे, कॉलेजनं तुला बघून घेतलं. तू कॉलेज बघितलं का?" मी म्हणालो, आपण काय बघणार, घेतलं हेच खूप झालं. तो म्हणाला, "असं नको म्हणू. खाली वाकून बघत जा. कपडे मळले तर मळू दे." वर्गात आज मी हात वर करून प्रश्न विचारतो. माझा आवाज कापतो, मागच्या बाकावरून हसू येतं. तरी विचारतो.

त्यानंतर बरेच महिने त्याची काही खबर नव्हती. आई नामपूरला विचारून पाहायची, तिकडेही काही कळत नव्हतं. वडील त्याचा विषय काढत नसत.

मागच्या महिन्यात वडील कामावरून आले आणि हातपाय न धुताच ओट्यावर बसले. बाजार समितीत मालेगावकडून आलेला एक ड्रायव्हर त्यांना भेटला होता. मामाला धुळ्यात कंपनी लागली आहे, तो दूरच्या फेऱ्या करतो आहे, हे त्याने सांगितलं. पण वडिलांनी आम्हाला रंगवून सांगितलं ते त्याच्याकडूनच ऐकलेलं, नोकरीला लागतानाचं बोलणं. ते त्यांनी आधी आईला सांगितलं, मग मला बोलावून सांगितलं, मग शेजारच्यांना हाक मारून पुन्हा सांगितलं.

मामाने त्या मालकाला आधीच सांगून टाकलं होतं, की मी घाटात गिअर काढणार नाही. त्यावर मालक म्हणाला, "मग तुझी गाडी उशिरा पोचंल."

"आणि आपला पाव्हणा काय म्हणला?" वडील मांडीवर हात मारून म्हणाले, "पण पोचंल."