काविळीची माळ आणि सकाळच्या गोळ्या

मालकांना टीबी निघाला तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरनं मला दोनच गोष्टी बजावल्या. गोळ्या एक दिवसबी चुकवायच्या न्हाईत, अन् डोळे पिवळे दिसले की गोळ्या थांबवून तडक इकडं यायचं. पहिली मी पदराला गाठ मारून ठेवली. दुसरीला नुसती मान हलवली. मी मुलखाची खमकी. मालक अख्ख्या कुरुंदा गावात कुणाचं ऐकायचे न्हाईत, माझ्या धाकात मात्र रोज सकाळी गोळ्या गिळायचे.

दोन महिन्यांनी त्यांचे डोळे पिवळे झाले. सिस्टरचं बोलणं आठवलं न्हाई असं खोटं कशाला सांगू? आठवलं. पण सासूबाई म्हणाल्या, "काविळीला डॉक्टर काय करतो? माळ घाला." आमच्याकडं तीच रीत. जाणत्याकडून माळ आणली. झाडपाल्याच्या काड्या दोऱ्यात गुंफलेली, डोक्यावर बसेल एवढीच. कावीळ उतरली की माळ वाढत खाली येती म्हणतात. काविळीला पिवळं चालत न्हाई, म्हणून अंगणात हळदीचा ढीग वाळत असून त्यांचं वरण मी पांढरं फटक करायची.

माळ खरंच वाढली! चौथ्या दिवशी गळ्यात, आठव्या दिवशी छातीवर. मी शेजारणींना बोलावून दाखवलं. कावीळ उतरून राहिली, मग गोळ्या काहून थांबवायच्या?

"नको गं, लई मळमळतंय," म्हणत एका सकाळी त्यांनी गोळ्या थुंकल्या. माझं डोकंच फिरलं. "लहान लेकरू हाय का तुमी? मरायचं हाय का?" मातीतल्या गोळ्या उचलल्या, पदरानं पुसल्या अन् पुन्हा त्यांच्या तोंडात कोंबल्या.

माळ बेंबीपर्यंत आली त्या दिवशी ते बरळायला लागले. नांदेडला नेलं. डॉक्टरनं विचारलं, "डोळे पिवळे झाल्यावरही गोळ्या चालूच होत्या?"

"व्हय साहेब, एकबी चुकवली न्हाई," मी म्हटलं. या गोळ्यांनी एखाद्याचं लिव्हर जळतं, वेळेवर थांबवल्या असत्या तर सावरलं असतं, डॉक्टर म्हणाले. काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ वाढती, हेबी त्यांनीच सांगितलं. आता घरी न्या म्हणाले.

घरी आणलं. गोळ्या मी उकिरड्यावर फेकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जवळ बसले तसं मालकांनी तोंड उघडलं. मला वाटलं पाणी पाहिजे.

"गोळी दे," ते म्हणाले. "आता थुंकत न्हाई."