उर्कुया एजेंचं बूच

सुसामिर खोऱ्यातल्या शाळेत उर्कुया एजे एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवत होत्या. एजे म्हणजे ताई. गावातले म्हातारेही त्यांना एजेच म्हणत. शाळेचा एकुलता एक सूक्ष्मदर्शक त्या नवऱ्याच्या कोटात गुंडाळून ठेवत. नवरा कुडकुडला तरी चालेल.

मे महिन्यात जिल्ह्याहून तपासनीस मेडेरबेक साहेब आले.

"इथे प्रयोग होत नाहीत म्हणे. सूक्ष्मदर्शक दुसऱ्या शाळेला जाईल."

एजेंनी खडू उचलला. "आधी तास तर बघा, साहेब."

फळ्यावर दोन रकाने होते. घोडी, गवत, शेवाळ सजीवांत गेली. ऊन, पाणी, वारा, मीठ निर्जीवांत.

"हे निर्जीव नसले, तर सजीवांचं काय?"

"मरतील, एजे!"

मग एजेंनी खोगिराच्या थैलीतून बाटली काढली. घोडीचं आंबवलेलं दूध, हंगामातला पहिला कुमिस. तोंडाला नुसतं फडकं.

"हा कुठे?"

पोरांत दोन तट पडले. साहेब हसले. "पेय आहे ते! निर्जीव. एवढंही येत नाही?" आंबूस वासानं त्यांनी नाक मुरडलं. कपाटातलं रबरी बूच उचललं आणि बाटलीत गच्च दाबलं.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. घोड्यावर घुसळत आलेल्या कुमिसला कुणी बूच लावत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. एजेंनी ओठांवर बोट ठेवलं.

"साहेबांना गारठा बाधायचा," म्हणत त्यांनी टेबल शेगडीकडे सरकवलं. बाटलीसकट.

साहेब अहवाल लिहू लागले. 'प्रयोग: एकही नाही...' पान भरत आलं.

फट्!

बूच छताला. कुमिस साहेबांच्या मिशांवर, बाहीवर, अहवालावर.

"ऊब मिळाली, दुधात साखर होतीच," एजे म्हणाल्या. "आतल्यांनी संसार मांडला, वायू कोंडला."

"आतले? कोण आतले?"

एजेंनी साहेबांच्याच बाहीवरचा थेंब काचेवर घेतला. साहेब सूक्ष्मदर्शकावर वाकले. बराच वेळ मान वर होईना. मग तसेच वाकून ओरडले,

"एजे, एका गोळ्याला बारीकसा गोळा फुटलाय!"

"यीस्ट असंच वाढतं. पोर आहे ते त्याचं."

साहेबांनी खडू घेतला. सजीवांखाली कुमिस लिहिला. एजेंनी उरलेला वाडग्यात ओतला. हंगामातल्या पहिल्या कुमिसला पाहुण्यानं नाही म्हणायचं नसतं. साहेब घटाघटा प्यायले आणि कोरा कागद मागितला.

'प्रयोग: एक. तपासनीसावर. सूक्ष्मदर्शक इथेच असावा.'

एजेंनी तो पुन्हा कोटात गुंडाळला.